संत्र्याच्या पेटीचा पाळणा

पहिल्या लेकराचा पाळणा आजोळाहून येतो, अशी आमच्याकडे रीत. अकोल्याहून सासऱ्यांचा फोन आला, "जवाईबापू, पायना आमी आनतो. तुमी खर्चात पडू नका." मी बाणेदारपणे नाही म्हणालो. सासऱ्यांकडून काही घेणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मग राजापेठेतल्या दुकानात पाळण्याचा भाव विचारला, तर तो माझ्या खिशात बसत नव्हता.

म्हणून घरीच करायचं ठरवलं. फोनवर सात मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला आणि तेवढ्यात मी सुतार झालो! फळबाजारातून संत्र्याची लाकडी पेटी आणली, वर आलेले खिळे ठोकले, पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केली, आत आईचं जुनं लुगडं अंथरलं. चारी कोपऱ्यांना नायलॉनची दोरी बांधून छताच्या कडीला टांगली. हातानं दोनदा ओढून पाहिली. झालं टेस्टिंग. लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. नांदगाव खंडेश्वरहून काकांनी विचारलं, "लेकरू निजवतं का मंडीत पाठवतं?" जळतात लोक.

खरं सांगू? मी झोपेत लाथा मारणारा माणूस. पोरगी आम्हा दोघांच्या मधे गादीवर निजायची. अडीच किलोचा तो जीव माझ्याखाली सापडला तर, या धास्तीनं मी तिच्या जन्मापासून धड झोपलो नव्हतो. तिला वेगळी, सुरक्षित जागा हवी होती आणि ती मीच करून द्यायची होती. हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. सासू-सासरे आले, शेजारणी जमल्या. मी पोरीला घेऊन रुबाबात पुढे झालो, तर आईनं अडवलं.

"थांब नं बाप्पा. आंधी वरवंटा निजवा लागते."

आमच्यात लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवून त्याला झोके देतात.

"दगडाचं बारसं करून राहिली का तू?" मी म्हणालो. "लोक चंद्रावर गेले, आई."

"जाऊ दे त्याहिले. तू बाजूले हो."

शेजारणी खुसखुसल्या. मीही सासऱ्यांकडे पाहून, या अडाणी लोकांपुढे काय बोलावं, असं तोंड केलं. वरवंट्याला टोपडं चढलं, स्वारी पेटीत निजली. आईनं पाळणागीत सुरू केलं. एक झोका झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला एका कोपऱ्याची गाठ सर्रकन सुटली, पेटी तिरपी झाली आणि वरवंटा धाडकन खाली आदळला. फरशीचे दोन तुकडे झाले.

माझ्या पायाशी ते लाल टोपडं पडलं होतं. मी मघाशी आईचं ऐकलं नसतं, तिला हाताने बाजूला सारलं असतं, तर तिथे काय पडलं असतं ते मला दिसत होतं.

सासरे हळूच उठले. कुत्सितपणे बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "जवाईबापू, आता आनू का पायना?"

मी मान डोलावली. बायको जवळ आली, "द्या तिले इकडे," म्हणाली. द्यायचं होतं हो, पण माझे हात पोरीला सोडेनात.