अकरा वेळा ‘ठीक’

चिखल्याच्या खाणीत केशवरावांनी एकतीस वर्षं पिंजरा चालवला. माणसांनी भरलेला लोखंडी पिंजरा जमिनीच्या पोटात सोडायचा आणि पाळी सुटली की वर ओढून आणायचा. इंजिनघरातला हा माणूस खाली उतरणाऱ्यांना दिसायचासुद्धा नाही. नाटकाचा पडदा ओढणाऱ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली आहे का? त्यांना टाळी नकोच होती, रजिस्टर पुरे होतं. किती वाजता काय बिघडलं, काय केलं, सगळं त्यात लिहायचं, खाली साक्षीदाराची सही घ्यायची आणि शेवटी ‘ठीक’ लिहून आपली सही करायची. त्या शब्दाशिवाय इंजिन पुढच्या पाळीच्या हाती जात नसे. काय दिवस होते ते! एका शब्दावर दीडशे माणसं निर्धास्त खाली उतरायची.

निवृत्त झाले आणि बायकोच्या, पार्वताबाईंच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. तुमसरला एसटी बदलून जाता-येता बाईंचा जीव अर्धा व्हायचा. म्हणून भैय्यालालकडून जुनी मोटार घेतली. भैय्यालालचा जुन्या गाड्यांचा धंदा, माणूस गोड. त्याने चहा पाजला, बॉनेटवर हार घातला.

“बाबूजी, वर्षभर डोळे मिटून चालवा. काई झालं तं मी बसलो न इथं!”

पंधराव्या दिवशी भंडाऱ्याच्या वाटेवर मोहाडी ओलांडली, इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर चढला आणि गाडी बंद पडली. पुढे तेच सुरू झालं. गावात फिरवा, घोड्यासारखी पळायची. चाळीस किलोमीटर झाले की धाप टाकून उभी. भैय्यालालच्या मिस्त्रीने गाडी दुकानाभोवती एकदा फिरवली आणि किल्ली परत दिली.

“चालून तं राहिली, बाबूजी. काय झालं तिले?”

एकदा पार्वताबाई मागच्या सीटवर दोन तास पडून राहिल्या आणि डायलिसिसची पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, पाय खांबासारखे सुजले. “पुन्हा चुकवू नका,” एवढंच डॉक्टर बोलले. केशवरावांना ते पुरेसं समजलं.

त्यांनी गाडीचंही रजिस्टर ठेवलं होतं. ‘सकाळी ८.४०, गाडी तापून बंद. पाणी भरले. ३५ मिनिटांनी सुरू. ठीक.’ खाली आपली सही आणि रस्त्याकडेच्या चहाटपरीवाल्या ईश्वरची साक्ष. अशा अकरा नोंदी झाल्या. मुलगी रुचिताने भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार लिहून दिली की सदोष गाडी गळ्यात मारली, ती परत घ्या, किंमत द्या. वकील लावला नाही. आपली तक्रार आपल्यालाच मांडता येते, हे तिने वाचलं होतं. सोबत रजिस्टरची प्रत जोडली. याहून पक्का पुरावा कोणता?

सुनावणीच्या दिवशी भैय्यालालचा वकील तीच प्रत घेऊन उभा राहिला.

“नोंदी अकरा आणि ‘ठीक’ही अकरा वेळा. सही तक्रारदाराची. गाडी ठीक आहे, हे आम्ही नाही, तेच सांगताहेत!”

रुचिताचा चेहरा पांढरा पडला.

“हे अक्षर तुमचं?” आयोगाच्या अध्यक्षांनी केशवरावांना विचारलं.

“माझंच.” खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. आपणच आपल्या हाताने बायकोचा दोर कापला, असं त्यांना वाटलं. ते मागे वळले. शेवटच्या बाकावर पार्वताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चपला पायांत मावत नव्हत्या म्हणून अनवाणी.

केशवरावांनी मूळ रजिस्टर उघडलं आणि कोरं पान भैय्यालालसमोर ठेवलं.

“भाऊ, पिंजऱ्यात माणसं बसवाची असली तं एक सही लागे. आज मी नाही करत, तुमी करा. लिहा, ठीक. मी आत्ताच हिले तुमच्या गाडीत बसवतो.”

वकील हरकत घेऊ लागला. भैय्यालालचा हात मात्र सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता. त्याची नजर बाकाकडे गेली, त्या पायांकडे गेली. पेन खिशातच राहिलं. धंदेवाला असला तरी आईचा लेकच होता तो.

अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. मग आदेश सांगितला. तज्ज्ञाने गाडी चिखला ते भंडारा चालवून तपासावी, अहवाल द्यावा. पुढची तारीख दीड महिन्याने.

दीड महिना! म्हणजे डायलिसिसच्या बारा-तेरा खेपा.

बाहेर आल्यावर केशवरावांनी सकाळी थांबत थांबत इथवर आणलेल्या गाडीला कुलूप लावलं आणि बॉनेटवर रजिस्टर ठेवून लिहिलं, ‘माणसे बसवू नयेत.’ खाली सही केली. खाणीत एकदा हे लिहिलं की ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

“मंग परवा कसं याचं?” पार्वताबाईंनी विचारलं.

“एसटीनं.”

“माह्यानं होत नाही जी आता.”

केशवरावांनी रुचिताकडून पिशवी घेतली, बाईंच्या काखेत हात घातला आणि तिघं स्टँडकडे निघाली. दहा पावलांवर बाई थांबल्या. दम लागला होता, तरी हसल्या.

“तुमच्या त्या वहीत मले बी ठीक लिहून टाका न. चढतो मंग एसटीत.”

“नाही लिहत,” केशवराव म्हणाले, आणि त्यांनी तिचा दंड आणखी घट्ट धरला.