पाच देशांचा तक्ता

भोरच्या तहसील कचेरीसमोर टायपिंग करणारे चाचा मजकूर आधी ओठांत पुटपुटायचे, मगच त्यांची बोटं चालायची. साधा उताऱ्याचा अर्जसुद्धा ते कुणाचं तरी पत्र वाचावं तसा वाचायचे.

युरोप पाहायची माझ्या बायकोची आयुष्यभराची हौस होती. पाच देशांच्या व्हिसासाठी प्रवासाचा तक्ता टाइप करायला मी चाचांकडेच नेला. पॅरिस, व्हिएन्ना अशी नावं पुटपुटताना त्यांची बोटं संथ झाली, डोळे अर्धवट मिटले. मध्येच ते थांबले.

"सर, बाराव्या दिवशी तुमी रातच्याला झोपणार कुठं?"

मी कागद पाहिला. त्या रात्रीचं हॉटेल लिहायचंच राहिलं होतं. तेवढ्यावरून व्हिसा नाकारला गेला असता.

व्हिसा आल्यावर मी पेढे घेऊन गेलो. चाचांनी खणातून आमच्या तक्त्याची कार्बन प्रत काढून दाखवली.

"ही कशाला ठेवलीत?"

"दुपारी हितं गिऱ्हाईक नसतं. तुमी गेलात की रोज बघीन, आज कुठं पोचलात ते."

व्हेनिसला सकाळी आम्ही नावेत बसलो, तेव्हा भोरात दुपार झाली होती. मी नकळत बाकावर सरकून चाचांना जागा करून दिली.