चालू नाचात भरलेली ओटी

आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात एरवी बारशी आणि डोहाळजेवणं होतात. परवा दुपारी तिथे लांबच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातली एक नर्तकी आली होती. गाणं तिच्या भाषेतलं, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. टाळ्या कधी वाजवायच्या तेही उमजेना, म्हणून सगळे गप्प मांडी घालून बसलो होतो.

ती हळूहळू मागे सरकत होती. दोन पावलं जायची, थांबायची, वळून बघायची. दाराशी येऊन घुटमळली, तशा शेजारच्या शांताकाकू ताडकन उठल्या. आदल्या दिवशीच्या डोहाळजेवणातला उरलेला खण, नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन थेट तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

"अहो काकू, नाच चालू आहे!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"असू दे. पोर निघालीय, रिकाम्या ओटीनं कशी जाऊ द्यायची?"

नर्तकी बावरली. तिला पदर नव्हता. काकूंनी खुणावलं तसा तिने घागऱ्याचा घोळ पुढे धरला, आणि उरलेला सगळा नाच नारळ सांभाळत नाचली.

मला हसावं की रडावं कळेना. नंतर मी नर्तकीबरोबर आलेल्या ढोलवाल्याची माफी मागितली. म्हटलं, "माहेर सोडून निघालेली मुलगी वाटली हो आम्हाला."

"मुलगी नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "डोंगरातून निघालेली नदी होती ती."

तेव्हापासून मी घोळातच आहे. काकूंचं चुकलं म्हणावं, तर नदीची ओटी आपण भरतोच की.