नव्वदावा दिवस

देशाचा कारभार माणसांवर चालत नाही, नोंदींवर चालतो. माणसं येतात, निवृत्त होतात, मरतात, पण नोंद टिकते, आणि तिच्या टिकण्यातच राष्ट्राचं सातत्य असतं. हे वाक्य माझं नाही. आमचे साहेब दर स्वातंत्र्यदिनी झेंडा वर गेल्यावर ते म्हणत, आणि म्हणताना ज्या लोखंडी कपाटाकडे हात करत त्याची किल्ली हरवून तीन वर्षं झाली होती. कपाट भिंतीपासून ओढायचं, मागचा पत्रा वाकवायचा, की नोंदी हाती येत. हे काम आमचा शिपाई सफाईनं करी. उंदीर त्याच्याहून सफाईनं करत.

मी त्या कार्यालयात कारकून होतो. चंद्रपुरात भाड्याच्या घरात वसलेलं, दिल्लीच्या एका खात्याचं ते शेवटचं टोक. काम नद्यांची पातळी मोजण्याचं. वैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या काठावर ठिकठिकाणी आकडे रंगवलेले खांब रोवलेले होते. रोज सकाळी आठ वाजता पाणी कोणत्या आकड्यावर आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, पावसाळ्यात तासातासाला. नदी मोजायला एका ठिकाणी एक माणूस पुरत असे. त्या माणसांना मोजायला आम्ही अकरा जण होतो.

आम्हा अकरांतल्या बहुतेकांनी नदी पाहिली होती ती बल्लारपूरच्या पुढे रेल्वेच्या पुलावरून, आणि तीही वर्धा. पण आम्ही दिल्लीचे होतो. शेजारच्या इमारतीत राज्य सरकारचं एक कार्यालय होतं. तिथल्या लोकांशी आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, बोलत तेव्हा थोडे मागे झुकून बोलत. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल कुणी टाकायचा, कोणत्या रंगाचा टाकायचा, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. पाण्याचा उच्चांक कुणाला विचारला तर फाईल मागवावी लागे. निवृत्तीची तारीख मात्र प्रत्येकाला स्वतःची आणि इतर दहा जणांची तोंडपाठ असे. त्या वर्षांत वेतन आयोगाची चर्चा जोरात होती. सकाळी साडेदहा ते दुपारी दीड आम्ही आयोग काय देईल यावर बोलत असू, आणि जेवणानंतर तो काय देणार नाही यावर.

आष्टीच्या खालच्या बाजूला एका गावी आमचा एक खलाशी होता. खलाशी म्हणजे नाव चालवणारा नव्हे. खात्याच्या भाषेत नदी मोजणाऱ्या सगळ्यात खालच्या माणसाला खलाशी म्हणत. हा जंगलातल्या गावचा गोंड माणूस. अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते, आणि आकडे असे सरळ काढी की आमच्या टंकलेखन यंत्राला लाज वाटावी. तो साठीला आला तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद माझ्या टेबलावर आले.

निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची सेवा लागते. तो नदीवर एकोणीस वर्षं होता, पण कायम झाल्याला आठच झाली होती. आधीची अकरा वर्षं रोजंदारीची. ती धरता आली असती; अट एवढीच की त्यांत खंड नको. आणि खंड होते चव्वेचाळीस.

ते कसे पडले ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण शेवटचे काही मीच टाईप केले होते. रोजंदारीवरचा माणूस सलग नव्वद दिवस कामावर राहिला तर तो हक्क सांगेल, ही दिल्लीची भीती. म्हणून दर एकोणनव्वद दिवसांनी त्याला काढायचं, नव्वदावा दिवस रिकामा सोडायचा, एक्याण्णवाव्या दिवशी पुन्हा नेमायचं. दोन आदेश निघत: एक सेवा समाप्तीचा, एक नव्या नेमणुकीचा. टपालखर्च वाचावा म्हणून आम्ही दोन्ही एकाच पाकिटात घालत असू. पाकीट त्याच्या गावी पोचायला आठ-दहा दिवस लागत. त्यामुळे आपल्याला नोकरीवरून काढलं होतं हे त्याला कळे तेव्हा तो पुन्हा नोकरीला लागून आठवडा झालेला असे. तेही कळे असं नव्हे. त्याला वाचता येत नव्हतं.

जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा त्याचं गाव गडचिरोलीत गेलं, खांब आमच्याकडेच राहिला. आता कागद अडल्याचं कळून तिकडून एसटीनं दिवसभराचा प्रवास करून तो आमच्या व्हरांड्यात येऊन बसला. मांडीवर पत्र्याची पेटी. बडेबाबू बाहेर आले.

"बाबूजी, माहा कागद कुठी अडला?"

"तुह्या नोकरीत छिद्रं आहेत ना. चव्वेचाळीस. चाळणी आहे चाळणी."

"छिद्रं कोनं पाडली जी?"

"नियमानं."

"तो कुठी बसते? त्याले भेटता येईन का?"

बडेबाबू आत गेले. विनोद आपल्याला कळला नाही असा त्यांचा चेहरा होता. खलाश्यानं विनोद केलाच नव्हता. मी त्याला चहा दिला आणि त्यानं पेटी उघडली. आत आमचे सगळे आदेश होते, जोडीजोडीनं, सुतळीनं बांधलेले.

"दर तीन महिन्यानं दोन कागद येत," तो म्हणाला. "मी म्हनो, एवढ्या दूर बसून सरकार आपली आठवन ठेवते. माह्या भावाले कुठी येते कागद?"

"भाऊ, हे तुम्हाला काढल्याचे कागद आहेत."

"काढल्याचे?" त्यानं एक उलटून पाहिला. "मंग मी काम काऊन करत होतो?"

हा प्रश्न खात्यात त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी कपाट ओढलं, पत्रा वाकवला आणि त्याच्या गावच्या वह्या काढल्या. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस नव्वदाव्या दिवशी सकाळी आठचं वाचन होतं. त्याच सरळ आकड्यांत. काहींत पुराची तासातासाची वाचनं होती. एका नव्वदाव्या दिवशी, कागदोपत्री बेकार असताना, हा माणूस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत छातीभर पाण्यात उभा होता, आणि त्याच्या आकड्यांवरून खालच्या गावांना इशारा गेला होता.

मला वाटलं, मी प्रकरण जिंकलं. दोन पानी टिपण लिहिलं: खंडाच्या दिवशीही हा इसम प्रत्यक्ष कामावर होता, सबब खंड नाही, सबब सेवा एकोणीस वर्षं. मी त्या काळी पुस्तकं फार वाचत असे आणि तर्कावर माझा विश्वास होता.

साहेबांनी टिपण वाचलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. ते पुण्याकडचे होते.

"अहो, तुम्ही हे काय खोदून काढलंत?"

"सर, तो हजर होता."

"हजर होता म्हणजे! कुणाच्या परवानगीनं? सेवेत नसलेला माणूस सरकारी खांब वाचतो, सरकारी वहीत लिहितो, आणि ती वाचनं आपण दिल्लीला पाठवतो. उद्या कुणी विचारलं तर?"

"मग सर, ती वाचनं खोटी म्हणू या का?"

साहेबांनी टॉवेलला पाठ टेकली. वाचनं खोटी म्हणणं शक्य नव्हतं. त्यांतल्या पुराच्या वाचनांवर त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि ते काचेत बसवून भिंतीवर होतं. शेवटी त्यांनी मोठ्या माणसांचा नेहमीचा धीर दाखवला. प्रकरण वर पाठवलं.

खलाशी निवृत्त झाला तेव्हा ते वरच होतं. निरोपाला साहेब जीप घेऊन त्याच्या गावी गेले. नारळ दिला, शाल दिली, सातत्याचं वाक्य म्हटलं. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. जीप पहिल्यांदाच थेट गावात आली होती. निघताना त्यानं बडेबाबूंना बाजूला घेऊन विचारलं,

"माहं काय झालं जी?"

"विचाराधीन आहे."

"मंजे होईन?"

"मंजे नाई म्हटलं नाई कोनं. चूप राह्य अन् वाट पाह्य."

पुढच्या महिन्यात मी कामासाठी तिकडे गेलो. सकाळचे आठ वाजत होते. तो खांबाशी उकिडवा बसून पाण्याकडे पाहत होता, कानावर पेन्सिल.

"भाऊ, तुम्ही निवृत्त झालात. हे कशाला?"

"अजून विचार चालू आहे न त्याइचा," तो शांतपणे म्हणाला. "एकएका दिवसानं मले बुडवलं, बाबू. आता मी एकही दिवस सुटू देत नाई. उद्या त्याइनं म्हनलं, निकाल लागेपर्यंत हा कुठी होता, त मी काय सांगू?"

मी त्याला समजावलं. निवृत्तीनंतरचे दिवस धरत नाहीत. खंड आता पडू शकत नाही, कारण पडायला काही उरलेलंच नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे मी त्याला कागदावर लिहून देईन का. मी कारकून होतो. मी लिहून दिलं नाही. आकडे पुढे कळवणाऱ्या आष्टीच्या वायरलेसवाल्यानं तर त्याला नकोच म्हटलं नाही, कारण खलाशी आकडे सांगायचा थांबला असता तर स्वतः नदीवर उतरावं लागलं असतं.

उत्तर दोन वर्षांनी आलं. वरच्या कार्यालयानं प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला होता. त्यांचं म्हणणं असं की नदीच्या अभिलेखांपुरती सदर इसमाची त्या दिवसांची उपस्थिती ग्राह्य धरावी; निवृत्तिवेतनापुरती धरू नये. साहेबांना हा निर्णय अतिशय समतोल वाटला. बडेबाबूंनी तो मसुदा म्हणून जपून ठेवण्यासारखा आहे असं सांगितलं आणि त्याच्या तीन प्रती काढायला लावल्या.

पत्र घेऊन मीच गेलो. वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं.

"मंजे मी होतो," तो म्हणाला, "पन पेन्शनले नोतो."

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. पत्र घ्यायला नको म्हणाला. पेटीत जागा नाही म्हणाला.

त्याच आठवड्यात त्या जागी नवा खलाशी नेमला गेला. मधल्या दोन वर्षांचा अहवाल मीच टाईप केला होता. त्या गावच्या ओळीत पहिल्या रकान्यात आहे: पद रिक्त. दुसऱ्या रकान्यात आहे: वाचने पूर्ण. अहवाल दिल्लीला गेला, आणि त्यावर कोणताही शेरा न येता मंजूर होऊन परत आला.