कडेला आलेलं झाड

मी या बीटचा वनरक्षक. जंगलात आग लावू नका, हे सांगण्यात माझी अकरा वर्षं गेली आणि ते न ऐकण्यात तांड्याची. त्यात रुपाबाई सगळ्यांत पुढे. किन्हीराजाच्या अलीकडच्या या तांड्यात सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणतात. मोहाची फुलं गळायच्या आधी ती आपल्या झाडाखालचा पालापाचोळा झाडून पेटवून द्यायची, म्हणजे फुलं मोकळ्या जमिनीवर पडतात, वेचायला बरी. आग चार हात जाऊन ओलसर पाल्यात आपोआप विझायची. चाळीस वर्षं विझली.

तेव्हा ते झाड दाट जंगलात होतं. चार वर्षांपूर्वी विजेच्या मोठ्या तारांसाठी जंगलातून सरळ पट्टा तोडला आणि झाड एकदम कडेला आलं. पहिल्या वर्षी भरपूर ऊन मिळालं, फुलं दुप्पट आली. याडी खूश. "लाईनवाल्यायनं माह्या झाडाले उजेड देल्ला," म्हणायची. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

मग वारा आत शिरू लागला. शिवरात्रीपर्यंत ओल धरणारी माती संक्रांतीलाच भेगाळली. शेंड्याच्या फांद्या वाळल्या. पट्ट्यात कमरेएवढं गवत वाढलं, घाणेरी माजली. झाडाखाली उगवलेली मोहाची रोपं उन्हानं करपली, एकच राहिलं. त्याला याडीनं बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, दोन उन्हाळे घरून पाणी नेलं. मोठं झाड तिला सासूनं दिलेलं. "हे तं चाललं," ती म्हणाली, "मंग नातीले काय देऊ? रेणूले हेच." रोप गुडघ्याला लागलं तेव्हा मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

यंदा मार्चमध्ये तिनं नेहमीसारखा पाला झाडला, रोपाभोवतीची जागा साफ केली आणि काडी लावली. पट्ट्यातून वारा आला. गवत पेटलं, मग घाणेरी, मग बोरीचे काटे, आतल्या रोपासकट. मी पोचलो तेव्हा ती हातात झाडू धरून नुसती उभी होती. रडली नाही. मला तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. राखेवर फुलं पडली होती आणि ती एकेक फूल पदराला पुसून टोपलीत टाकत होती.

"याडी, जेवल्या का?"

"काय लिवलं, साहेब?"

मी वाचून दाखवलं. आगीचं कारण, अज्ञात.

"म्हंजे?"

"कोणी लावली ते माहीत नाही."

"मले माहीत हाये." तिनं वर पाहिलं नाही. "रुपाबाई लिवा. रेणू शाळेत जाते आता. तिले वाचता येईन, असं लिवा."