दुसरा उंचवटा

आरजूला कुणी 'तोंडाळ' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चांदूर रेल्वेत गाद्या भरणाऱ्या अब्दुल रहीमची ही मुलगी. अकरावीत माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकली आणि पुढे जिनिव्हाच्या मोठ्या प्रयोगात संशोधनाला गेली. तिथे प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवतात. त्यातून मेसॉन नावाचे कण निघतात आणि लगेच फुटतात. तुकड्यांवरून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं. मेसॉन नेहमीपेक्षा जास्त ऊर्जेच्या, नव्या अवस्थेत असेल, तर आलेखात त्या जागी उंचवटा येतो. आरजूच्या गटाला असे दोन उंचवटे दिसले होते, म्हणजे दोन नवे कण असण्याची शक्यता.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात ती घरी आली आणि आमच्या कॉलेजचे अध्यक्ष पंजाबराव यांनी सत्कार ठरवला. प्राध्यापकाच्या नोकरीचा शब्दही दिला. हेच गृहस्थ तालुक्याच्या एका समितीत बसून शेतकऱ्याची कोणती आत्महत्या सरकारी मदतीला पात्र आणि कोणती अपात्र, हे ठरवायचे. आमच्या कॉलेजात चहापाणी बघणाऱ्या पार्बताबाईचा नवरा पुंजाराम फास लावून गेला, तो अपात्र ठरला.

बॅनरवर छापलं, 'दोन नव्या कणांचा शोध'. सत्काराच्या सकाळीच आरजू मला घेऊन पंजाबरावांकडे गेली. नव्या नोंदी मिळवल्यावर पहिला उंचवटा ठळक झाला होता आणि दुसरा पार सपाट. तेव्हा बॅनरवर एकच ठेवा, एवढंच तिचं म्हणणं.

"एक काय न दोन काय, इथं कोण मोजाले बसलं?" पंजाबराव म्हणाले. "पेपरात रोज आपल्या आत्महत्याच येऊन राहिल्या. एक चांगली बातमी जाऊ दे. नोकरी पायजे ना तुले?"

नोकरी तिला हवीच होती. बापाचं फुफ्फुस कापसाच्या धुळीने गेलं होतं, त्याला सोडून तिला परत जायचं नव्हतं.

संध्याकाळी अंगावर शाल पडली आणि तिने माईक घेतला.

"कण एकच सापडला. दुसरा नव्हताच," ती म्हणाली. मग पंजाबरावांकडे वळली. "भाऊसाहेब, पुंजारामभाऊ खरंच मेले, त्यायले तुमी गिनतीत घेतलं नाही. अन् जो कणच नाही, तो आहे म्हणून मले सांगाले लावता?"

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. या गावाचा मला अजून राग आहे तो त्यासाठीच. मागे चहाचे कप विसळणारी पार्बताबाई तेवढी उठून उभी राहिली.

अब्दुल रहीम खोकत मंचावर चढला. मुलीच्या खांद्यावरची शाल काढून, नीट घडी घालून त्याने ती पंजाबरावांच्या पुढ्यात ठेवली.

"चल बेटा," तो म्हणाला.

नोकरी दुसऱ्यालाच मिळाली. बॅनर दिवाळीपर्यंत तसाच लटकत होता, त्यावर अजूनही 'दोन'च लिहिलेलं होतं.