सोमवारी निघालो तिथंच चुकलं

आमचे हे बंदरातल्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि घरात बसून कंटाळले. कुणीतरी मोबाइलवर त्यांना दाखवलं, की परदेशात म्हातारी माणसं गाडीतच संसार थाटतात आणि गावोगाव हिंडतात. झालं. एक जुनी व्हॅन अंगणात आली आणि वर्षभर ठोकाठोक चालली. मागच्या सीटा काढून दोघांपुरती खाट बसवली, नळ लावलेला पाण्याचा कॅन, कोपऱ्यात छोटा गॅस, प्रत्येक जनेलाला पडदा. पडदे मी शिवले. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे आणि मला विचारायचे, “आता तूही फिरणार म्हणे?” मी हसायचे. चाळीस वर्षं सैपाक करून दमलेल्या बाईला गाडीतला सैपाक म्हणजे काय मोठी चैन!

तरी मी हो म्हटलं, ते एका कारणासाठी. वास्कोला क्वार्टर्समध्ये माझ्या दारासमोर जिचं दार होतं, ती माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी एकमेकींची मुलं वाढवली, एकमेकींच्या सासवांना शिव्या घातल्या. नवरा निवृत्त झाल्यावर ती मांद्र्याला सासरच्या घरी गेली, पुढं तो वारला, आणि आता इंग्लंडमधला मुलगा तिला कायमचा घेऊन चालला होता. बुधवारी संध्याकाळी मोपाहून विमान. त्याआधी तिच्याजवळ एक रात्र राहायचं, एवढंच मला हवं होतं. फोनवर आमचं धड बोलणं होत नसे. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं आणि मला ओरडून मनातलं सांगता येत नाही.

ह्यांनी आखणी केली. सोमवारी दिवचलच्या मित्राकडे, वाटेत मयेचं तळं, जरा पुढं जाऊन हरवळ्याचा धबधबा. मंगळवारी सकाळी धारगळला दुसऱ्या मित्राकडे फक्त चहा, दुपारी मांद्रे. “कुणाच्या घरी राहायचंच नाही,” हे म्हणाले. “आपली खाट आपल्याबरोबर. कुणाला त्रास नाही.” रस्ता, पेट्रोल, टायरची हवा, सगळं बघितलं. वार तेवढा बघितला नाही.

मार्च होता. मयेच्या तळ्यावर कडक ऊन आणि बंद पडलेल्या पायडल बोटी. हरवळ्याला धबधब्याची एक बारीकशी धार उरली होती. शाळेच्या सहलीत पाहिला होता तो कुठला दुसराच असावा असं वाटलं. ह्यांनी माझा फोटो काढला. त्यात मी रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. माझी कंबर धरली होती, गाडीत वाटेवरच्या काजूच्या बोंडांचा वास भरला होता आणि मला उलटीसारखं होत होतं.

दिवचलला मित्राच्या घरी पोचलो तर त्याची बायको दारातच ओशाळी होऊन उभी. सोमवार! घरात शिवराक, चुलीवर मासळी चढत नाही. मूगागाठी, भाजी, सोलकढी, खतखतें, पायस, काही म्हणून कमी नव्हतं, पण मासळी नाही म्हणजे पाहुण्याला जेवायला घातलंच नाही. मित्र ह्यांचा हात धरून म्हणाला, “आज सोमार. पावण्यांक शिवराक घालून धाडूं? फाल्यां नुस्तें जेवून वचात.” उद्या मासळी जेवल्याशिवाय सुटका नव्हती. ह्यांनी खाटेचा विषय काढला, पडदे दाखवले. तो भडकला. “घर आसतना दारांत गाडयेंत निजतले? शेजारी आमच्या तोंडार थुकतले!” मग त्या दोघांनी आपली खाट आम्हाला दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत चटई टाकली. माझी मान अवघडली ती वेगळीच.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून, साडी नेसून, पिशवी काखोटीला मारून तयार. मित्र बाजारात गेला. दिवचलच्या बाजारात त्याला मनासारखी मासळी मिळाली नाही म्हणून तो तसाच म्हापशाला गेला. मी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत होते आणि मनात मैत्रिणीजवळचे उरलेले तास मोजण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. इसवण घेऊन तो आला तेव्हा त्याचा चेहरा इतका खुललेला होता, की त्याच्यावर रागावणंही जमेना. राग सगळा ह्यांच्यासाठी राखून ठेवला. जेवण झक्क होतं. जेवून पुरुष आडवे झाले आणि घोरायला लागले.

अस्नोड्यावरून धारगळला येईस्तोवर तिन्हीसांज झाली. इथला मित्र ह्यांच्याच वर्कशॉपातला, आता हमरस्त्याच्या कडेला स्वतःच्या मळ्यातली भाजी विकतो. “फक्त चहा,” हे गाडीतून उतरताना म्हणाले. चहा झाला, जेवण झालं, पुन्हा कुणाची तरी खाट आम्हाला मिळाली. सकाळी उठून मागीलदारी गेले तर कोंबडा सोलून झालेला आणि वहिनी वड्यांचं पीठ मळत बसलेल्या.

मी ह्यांना आंब्याखाली गाठलं. “तुम्ही सांगता की मी सांगू?”

“आता कसं सांगायचं? कोंबडा मारलाय.”

“मग मी चालत जाते मांद्र्याला.”

तशीच चुलीपाशी जाऊन मी वहिनींना सगळं सांगितलं, की माझी मैत्रीण आज कायमची चाललीये आणि मला तिच्याजवळ बसायचंय. वहिनींचे हात पिठातच थांबले.

“आदीं कित्याक सांगूंक ना गो?”

आधी कसं सांगणार? दुसऱ्याच्या घरी मांडलेलं पान नको म्हणायला आमची जीभ रेटत नाही, एवढंच. वहिनी जितकं भरभर करता येईल तितकं करत होत्या, पण कोंबड्याची सागोती शिजायची तेव्हाच शिजते, आणि डबा घेतल्याशिवाय सोडतील त्या वहिनी कसल्या. डबा मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले. मांद्र्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

ती पायरीवर बसली होती. मागे दोन मोठ्या बॅगा. घर रिकामं करून झालं होतं, सामान दिराकडे गेलं होतं, दुपारी टॅक्सी यायची होती. मला बघून ती उठली आणि तिचा चेहरा एकदम पडला.

“बस म्हणूंक घरांत कदेल ना गो. चाय करुंक गॅसूय ना.”

आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला वाढलं त्या बाईला स्वतःच्या दारात, बसायला खुर्चीही नाही, असं म्हणायला लागलं. मी तिला हाताला धरून गाडीत आणलं. “तुम्ही बोला निवांत,” असं म्हणून हे समुद्राकडे निघून गेले. मी आमचा गॅस पेटवला, चहा केला, वडे वाढले. एक वडा तिनं सागोतीत बुडवून खाल्ला, चहा घेतला आणि खाटेच्या कडेला हात टेकून म्हणाली, “मातशें आड पडटां. पांच मिन्टां. मागीर उलोवया.”

महिनाभर निरोप घ्यायला माणसं येत होती, वर बांधाबांध, कागदपत्रं. मागनं बोलू म्हणत ती आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली. तोंड थोडं उघडं, पदर सुटलेला.

मी स्टुलावर बसून राहिले. मला तिला किती सांगायचं होतं. सुनेचं, माझ्या छातीतल्या दुखण्याचं, जे मी अजून घरात बोलले नव्हते. ती तिथं त्या थंडीत कुणाशी बोलेल, हे विचारायचं होतं. दोनदा हात पुढं केला तिला हलवायला. दोनदा मागं घेतला. मला त्या इसवणाचा राग आला, कोंबड्याचा आला, तिचाही आला. मग वर्तमानपत्र घेऊन तिला वारा घालत बसले, गाडी तापली होती.

टॅक्सीनं हॉर्न दिला तेव्हा ती दचकून उठली. कुठं आहे ते तिला कळेना. मला बघितलं आणि हसली.

“कितें बरी न्हीद लागली गो. कितल्याशाच दिसांनी.”

बॅगा चढल्या, दीर येऊन किल्ली घेऊन गेला. माझा हात तिनं टॅक्सी चालू होईपर्यंत सोडला नाही, पण बोलायचं राहिलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि मी ते येऊ दिलं नाही.

हे चप्पल हातात घेऊन, पायाला वाळू लागलेली, परत आले. सगळी दुपार आम्हाला दिली म्हणून खूश दिसत होते.

“बोलून झालं सगळं?”

“झालं,” मी म्हटलं.